पुरात बुडालेली गाडी : दुरुस्त करावी की सोडून द्यावी?

पाणी ओसरल्यावर गाडीपाशी गेलेल्या माणसाचा हात सवयीने किल्लीकडे जातो, आणि नेमके तेच करायचे नसते. ‘निदान चालू होते का ते तरी पाहू’ एवढ्या एका इच्छेपायी थोडक्यात निभावले असते अशा गाडीचे इंजिन पार उघडावे लागते, आणि विम्याच्या दाव्यालाही तिथेच पहिली खीळ बसते. म्हणून गाडी दुरुस्त करावी की नाही या प्रश्नाकडे वळण्याआधी तो प्रश्न आणखी अवघड होऊ नये यासाठी काय करावे, ते पाहणे आवश्यक आहे.

हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सारा घोटाळा या एका गोष्टीत आहे. १.२ लिटरच्या चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला सुमारे ३०० घनसेंटिमीटर येतात. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाची आणि वर आल्यावरची सिलिंडरमधील जागा यांचे प्रमाण, दहास एक धरला तर पिस्टन पार वर आल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा जेमतेम ३३ घनसेंटिमीटर, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे पाणी मावेल एवढीच असते. १.३ लिटरच्या डिझेल इंजिनात हा रेशो सतरास एकच्या आसपास असल्यामुळे तेथे चार चमचेही पुरतात. त्याहून जास्त पाणी आत असताना स्टार्टर फिरवला, किंवा चालती गाडी खोल पाण्यात घातली, तर पिस्टन मध्येच अडतो आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येऊन तो वाकतो. रॉड फार वाकला तर इंजिन जागीच अडकते. थोडासाच वाकला तर मात्र इंजिन सुरू होते, मालक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि काही आठवड्यांनी तोच रॉड हमरस्त्यावर तुटून ब्लॉकला भोक पाडतो. गाडी बंद अवस्थेत उभी असताना बुडाली असेल तर असे नुकसान होण्याची शक्यता पुष्कळ कमी असते, आणि ती कमीच ठेवणे आपल्या हातात असते.

तेव्हा पहिल्या तासाभरात करायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. पाणी गाडीभोवती असतानाच, किंवा ओसरल्या ओसरल्या, चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. दारांच्या आतल्या अस्तरावर, सीटच्या कापडावर आणि डॅशबोर्डवर उमटलेली चिखलाची रेघ पुसण्याआधी तिची छायाचित्रे तर आवर्जून घ्यावीत, कारण पाणी किती उंच चढले होते याचा तोच एकमेव निर्विवाद पुरावा असतो. बॉनेट उघडता येत असेल तर बॅटरीची ऋण बाजूची केबल आधी काढावी, कारण ओल्या वायरिंगमध्ये वीज खेळत राहिली की कपलरमधील, म्हणजे वायरी जोडणाऱ्या खटक्यांमधील, तांब्याच्या पिना उभ्या उभ्या झडू लागतात. किल्लीने दिवे किंवा काचा चालतात का, हे पाहण्याचा मोहही टाळावा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि दाव्याचा क्रमांक लिहून ठेवावा. गाडी हलवायची ती फ्लॅटबेडवरून, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर चढवूनच हलवावी. शेजारच्या ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत नेण्याची आपल्याकडची पद्धत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीला फार महागात पडते, आणि गिअरमध्ये असलेली साधी गाडी ओढली तरी इंजिन फिरतेच, म्हणजे जे टाळायचे तेच घडते.

पाणी किती, कसले आणि किती वेळ

गॅरेजवाला काय म्हणतो ते ऐकण्याआधी मालकाने स्वतः तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत : पाणी कुठपर्यंत आले, ते कसले होते आणि गाडी त्यात किती वेळ उभी होती.

पाणी दाराच्या उंबऱ्याखाली राहिले असेल तर चिंतेचे फारसे कारण नाही. ब्रेक, व्हील बेअरिंग, गिअरबॉक्सचे तेल आणि सायलेन्सर एवढे तपासून, गाडी खालून धुऊन घेतली की काम भागते. पाणी आत शिरून सीटच्या पायापर्यंत आले असेल, तर प्रकरण बाहेरून दिसते त्यापेक्षा गंभीर असते. बहुतेक गाड्यांत एअरबॅगचे नियंत्रण करणारा संगणक दोन सीटांच्या मधल्या कन्सोलखाली, म्हणजे जवळजवळ फरशीलगत बसवलेला असतो, आणि मुख्य वायरिंगचे जाड गठ्ठे उंबऱ्याच्या पट्टीखालून, गालिच्याच्या कडेने जातात. डॅशबोर्डपर्यंत पाणी चढले असेल तर फ्यूज बॉक्स, बॉडी कंट्रोल मॉड्यूल, मीटर, एसीचा ब्लोअर, स्टेअरिंगची विद्युत मोटर असे सगळेच बुडाले, असे समजून चालावे. माझे स्पष्ट मत असे की, डॅशबोर्डच्या वर पाणी गेलेली आधुनिक गाडी दुरुस्त करण्याचा विचार केवळ भावनेपोटी होतो. हिशेबात तो सहसा बसत नाही.

पाणी कसले होते, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारत नाही. महाराष्ट्रातले पूर मात्र एकसारखे नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगलीत पंचगंगा व कृष्णेचे पाणी हळूहळू चढले आणि अनेक दिवस हटलेच नाही. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत चिखल तुलनेने कमी साचला, तरी ओलावा प्रत्येक जोडात मुरतो, बेअरिंगांमधील ग्रीसचे पांढरे लोणी होते आणि गंज धरायला भरपूर सवड मिळते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी झपाट्याने शिरले आणि जाताना घराघरांत चिखलाचा थर ठेवून गेले. हा गाळ रेडिएटरच्या जाळीत, अल्टरनेटरमध्ये आणि एसीच्या कूलिंग कॉइलमध्ये जाऊन बसतो, वाळला की सिमेंटसारखा होतो आणि ओला असतानाच काढला नाही तर नंतर निघत नाही. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, किंवा पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा फुटून वाहिला तेव्हा, गाड्यांत शिरले ते गटारांचे, सांडपाण्याचे मिश्रण होते. त्या पाण्याने भिजलेला गालिचा आणि सीटचा फोम धुऊन वापरण्याच्या लायकीचा राहत नाही. खाडीकाठच्या गावांत भरतीचे खारे पाणी शिरले असेल तर मात्र उंचीचे सगळे निकष एक पायरी खाली आणावेत, कारण मिठामुळे कपलरमधील पिनांवर काही दिवसांतच हिरवा थर चढू लागतो आणि तो खरवडून काढला तरी पुन्हा येतो. गोड्या पाण्यात सीटपर्यंत बुडालेली गाडी वाचू शकते. खाऱ्या पाण्यात तेवढीच बुडालेली गाडी मी तरी ठेवणार नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. पाणी ओसरल्यापासून गाडी उघडली जाईपर्यंत जेवढे दिवस जातात, तेवढे नुकसान वाढत जाते. पूर आलेल्या गावात सगळ्या गाड्या एकाच दिवशी गॅरेजच्या दारात येतात आणि नुकसान पाहायला येणाऱ्या विम्याच्या सर्व्हेअरची वाट पाहण्यातच पंधरवडा सरतो. विमा कंपनीला लेखी कळवून, छायाचित्रे काढून, निदान गालिचे आणि सीट बाहेर काढण्याची व इंजिनातील पाणी काढून टाकण्याची परवानगी मागावी. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणे ही पॉलिसीनुसार मालकाचीच जबाबदारी असते, त्यामुळे अशा पत्राला सहसा नकार येत नाही.

गॅरेजमध्ये काय करून घ्यावे

इंजिनाचे काम कोणत्या क्रमाने केले जाते, यावर बरेच अवलंबून असते. आधी एअर फिल्टरची पेटी उघडून पाहावी. फिल्टर कोरडा असेल तर इंजिनात पाणी गेले नसण्याची शक्यता मोठी असते. ओला किंवा चिखलाने माखलेला असेल तर पुढचे सगळे करावेच लागते. त्यानंतर डिपस्टिक ओढून पाहावी. ऑइल दुधाळ चहासारखे दिसत असेल, किंवा त्याची पातळी खुणेच्या वर गेली असेल, तर तळाशी पाणी आहे हे निश्चित. मग स्पार्क प्लग, डिझेलमध्ये ग्लो प्लग किंवा इंजेक्टर, काढून इंजिन स्टार्टरने नव्हे तर क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवावे. भोकांतून पाणी उडाले तर ते सगळे निघेपर्यंत फिरवत राहावे आणि नंतर सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे. टर्बो असलेल्या गाडीत इंटरकूलर आणि त्याचे होज काढून रिकामे करणे अनेक जण विसरतात. इंजिन कोरडे केले, सुरू केले आणि इंटरकूलरमध्ये साठून राहिलेले पाणी पहिल्याच रेसला आत खेचले गेले, तर सगळे मुसळ केरात जाते.

रॉड वाकला आहे का हे इंजिन न उघडताही बऱ्यापैकी कळते. प्रत्येक पिस्टन पार वर आणून प्लगच्या भोकातून त्याची उंची मोजावी. एखादा पिस्टन इतरांपेक्षा मिलिमीटरभरही खाली राहत असेल, तर रॉड आखूड झाला आहे, म्हणजेच वाकला आहे. त्याच वेळी कॉम्प्रेशन टेस्ट करून चारही सिलिंडरांचे आकडे कागदावर लिहून मागावेत. ‘आवाज येत नाही, म्हणजे ठीक आहे’ हे उत्तर येथे चालत नाही.

हे सगळे ठीक निघाले तर ऑइल व फिल्टर बदलून, इंजिन थोडा वेळ चालवून, ते ऑइलही काढून टाकावे. दुधाळपणा पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन वेळा असे करावे लागते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या भोकातून, पाणी आत शिरते, म्हणून त्यांचे तेलही बदलावे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पाणी गेले असेल आणि गाडी त्याच अवस्थेत चालवली गेली असेल तर क्लचच्या पट्ट्यांवरचे अस्तर सुटते, आणि मग नुसते तेल बदलून भागत नाही. पेट्रोलची टाकीही रिकामी करून घ्यावी. हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल पाणी शोषून घेते आणि प्रमाण वाढले की ते दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंप नेमका तळातूनच इंधन ओढतो.

खरी कसोटी पुढे आहे, आणि ती वायरिंगची. इंजिन हे लोखंडाचे काम आहे. ते उघडता येते, मोजता येते, जोडता येते. वायरिंगमधला दोष मात्र चार महिन्यांनी, पावसाळी हवेत, कधी डावा इंडिकेटर तर कधी पॉवर विंडो अशा रूपाने डोके वर काढतो आणि तीन वेगवेगळे फिटर तीन वेगवेगळी कारणे सांगतात. म्हणून फरशीजवळचा प्रत्येक कपलर सोडवून, कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन, वाळवून आणि पुन्हा जोडून घ्यावा. ज्यात हिरवा थर दिसेल तो पिनांसकट बदलावा. बुडालेला संगणक वाळवून ‘चालू करून देतो’ म्हणणारे भेटतात. काचा आणि दिवे सांभाळणाऱ्या मॉड्यूलबाबत वेळ निभावून नेण्यापुरते ते मान्य करता येईल, परंतु एअरबॅगचा संगणक, सीटबेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेच्या वेळी पट्टा आवळणारे भाग) आणि एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे, युनिट यांच्या बाबतीत अजिबात नाही. हे भाग बुडाले असतील तर बदलावेच लागतात, आणि तो खर्च परवडत नसेल तर गाडीच परवडत नाही असे समजावे.

आतली सजावट वाळवण्याचा खर्च किरकोळ वाटतो, पण वास जातो की नाही ते त्यावरच ठरते. दारे उघडी ठेवून उन्हात लावलेली गाडी वरून वाळते. गालिच्याखालचा जाड फोम स्पंजासारखा पाणी धरून बसतो आणि खालचा पत्रा आतून खात राहतो. सीट, कन्सोल, उंबऱ्याच्या पट्ट्या काढून सगळा गालिचा बाहेर आलाच पाहिजे. सीटखाली एअरबॅगची वायर असते, म्हणून बॅटरी सोडवल्यावर काही मिनिटे थांबूनच तिला हात लावावा.

विजेवर चालणाऱ्या गाडीला यातले इंजिनाचे आणि तेलाचे काही लागू नाही. तिच्या बॅटरीच्या पेट्या पाण्यापासून बऱ्यापैकी संरक्षित असतात. पण त्यांच्यावर लिहिलेल्या आयपी ६७ या जलरोधक दर्जाचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, असा आहे, आठवडाभर असा नाही. बुडालेल्या अशा गाडीच्या नारिंगी केबलना हात लावू नये, ती चार्जिंगला लावू नये, घराला चिकटून उभी करू नये आणि कंपनीच्या प्रशिक्षित माणसाशिवाय कोणाला उघडू देऊ नये. सीएनजीच्या गाडीत सिलिंडरचा व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर अधिकृत केंद्रातून तपासल्याशिवाय गॅस भरू नये.

विम्याचा हिशेब

केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीसाठी एक रुपयाही मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर पुराने झालेले नुकसान त्यात येते. पण अपघातानंतर ओघाने झालेले, म्हणजे पाणी शिरल्यावर स्टार्टर फिरवल्यामुळे झालेले, इंजिनाचे नुकसान कंपन्या नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचे वेगळे कवच घ्यावे लागते. ‘झिरो डेप आहे ना, मग सगळे मिळते’ हा समज चुकीचा आहे. झिरो डेपमुळे बदललेल्या सुट्या भागांचा घसारा कापला जात नाही, एवढेच. ते नसेल तर प्लॅस्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅग यांच्या किमतीतून ५० टक्के कापले जातात आणि धातूच्या भागांवर वयानुसार घसारा लागतो. बुडालेल्या गाडीत बदलावे लागणारे बरेचसे भाग प्लॅस्टिकचेच असतात, हे ध्यानात घ्यावे.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांपेक्षा जास्त गेला तर गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण निकामी, धरली जाते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साडेतीन वर्षांची गाडी आहे, आयडीव्ही ४ लाख आहे, म्हणजे सीमारेषा ३ लाखांवर येते. गॅरेजने २ लाख ८० हजारांचे इस्टिमेट दिले, तर कागदोपत्री ती दुरुस्तीयोग्य ठरते. घसारा कापून मालकाला समजा १ लाख ९० हजार मिळतात. उरलेले ९० हजार खिशातून जातात, नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जातो, आणि हाती येते ती अशी गाडी, जिची विक्रीची किंमत पुराच्या नुसत्या उल्लेखानेच पडलेली असते. त्यापेक्षा टोटल लॉस होऊन ४ लाखांच्या आसपास हाती आलेले बरे. पण इस्टिमेट सीमारेषेच्या जवळ असेल तर गॅरेजला ते ओढूनताणून कमी करू देऊ नये, आणि वाढवायलाही सांगू नये. प्रत्येक बुडालेला संगणक, प्रत्येक सीटबेल्ट आणि वायरिंग हार्नेस (वायरींचा सबंध गठ्ठा) त्यात प्रामाणिकपणे धरला आहे का, एवढेच ओळीने तपासावे. बहुतेक इस्टिमेटांतून हार्नेस वगळलेले असते, कारण तो बदलणे कोणत्याच फिटरला नको असते. सर्व्हेअरचा निर्णय पटला नाही तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जावे. तेथे दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते, आणि मुंबई व पुणे या दोन्ही ठिकाणी त्यांची कार्यालये आहेत.

उलट नुकसान थोडे असेल, नुसती आतली स्वच्छता आणि तेलबदल एवढेच काम असेल, तर दावा करण्याआधी बोनसचा हिशेब करावा. सलग पाच वर्षे दावा न केलेल्या मालकाची सवलत ५० टक्के असते. पंधरा हजारांच्या कामासाठी ती घालवण्यात अर्थ नाही.

विमाच नसलेल्या, आठ-दहा वर्षे जुन्या गाडीसाठी मी एक साधी रेघ आखतो. पुराच्या आदल्या दिवशी ती जितक्याला विकली गेली असती, त्याच्या निम्म्याहून अधिक खर्च सांगितला जात असेल तर सोडून द्यावी. निम्मे म्हणण्याचे कारण असे की, बुडालेल्या गाडीचे पहिले इस्टिमेट कधीच शेवटचे नसते. याला एक अपवाद आहे. ज्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाही, अशी जुनी जीप किंवा माल वाहणारा साधा टेम्पो, ही वाहने वाळवून, तेल बदलून, बेअरिंगे घालून पुढे कित्येक वर्षे चालतात, आणि त्यांच्या बाबतीत गावातल्या जुन्या मिस्त्रीचा शब्द शोरूमच्या इस्टिमेटपेक्षा अधिक मोलाचा असतो.

गाडी सोडायची ठरली तरी ती भंगारवाल्याच्या हवाली करून मोकळे होऊ नये. कायमची निकामी झालेल्या वाहनाची माहिती मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार १४ दिवसांत, किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर, आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिली तर जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते, ते जपून ठेवावे. टोटल लॉस झालेली गाडी विमा कंपनीमार्फत लिलावात जाते. तेथेही आरसी बुक कोणाच्या नावावर राहिले आहे, याची लेखी खातरजमा करावी. नावावर राहिलेली गाडी पुढे कोणीतरी वाळवून रस्त्यावर आणली आणि अपघात झाला, तर पोलिसांची नोटीस मूळ मालकाच्याच घरी येते.

अशा वाळवलेल्या गाड्या पुढच्या दिवाळीपर्यंत दूरच्या जिल्ह्यांत, जेथे पूर आलाच नव्हता तेथे, चकचकीत होऊन विक्रीला येतात. सेकंड हँड गाडी घेताना ओडोमीटरच्या आधी सीटबेल्ट पाहावा. पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढावा, आत गुंडाळला जाणारा शेवटचा हातभर भाग नीट न्याहाळावा. सीटचे कव्हर नवे टाकता येते, गालिचा बदलता येतो, अत्तर मारता येते. पट्ट्याच्या त्या टोकावरची तपकिरी रेघ मात्र सहसा कोणी धूत नाही. सोबत डिकीतल्या स्टेपनीखालची खाच आणि सीटच्या रुळांचे स्क्रू पाहावेत, आणि तेथे बारीक वाळू किंवा ताजा गंज दिसला तर किंमत विचारू नये.